एकरामागे साडेतीन गुंठे

आमदार कशासाठी निवडून द्यायचा, या प्रश्नाचं उत्तर आमच्या कामोठ्यात हल्ली फार सोपं झालं आहे. गटार तुंबलं तर फोन उचलणारा, सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक टाकून देणारा, हळदीला आणि दहाव्याला न चुकता येऊन जाणारा. यात वाईट काही नाही, माणसाला माणूस लागतोच. पण गटार आणि फरशी ही महापालिकेची कामं आहेत. राज्याच्या सभागृहात बसणाऱ्या माणसाचं काम वेगळं. कायदे करायचे, सरकारच्या खर्चाला मंजुरी द्यायची किंवा ती अडवून धरायची. आणि ज्याचं कुणी ऐकत नाही त्याचं म्हणणं अशा शब्दांत मांडायचं, की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावंच लागेल. मला लिहायचंय ते या शेवटच्या कामाबद्दल, आणि ते आयुष्यभर करणाऱ्या दि. बा. पाटील या आमदाराबद्दल. मी राहतो ती इमारत त्याच कामातून उभी राहिली आहे.

आम्ही मूळचे खटाव तालुक्यातले. कामोठ्यात सातारा-सांगलीकडची माणसं इतकी आहेत, की संध्याकाळी भाजी घेताना गावाकडची बोली कानावर पडते. घर घेतलं तेव्हा करारनाम्याची जाडजूड प्रत हातात आली. तिची सुरुवातीची पानं सहसा कुणी वाचत नाही. क्षेत्रफळ, किंमत, हप्ता आणि ताब्याची तारीख एवढं पाहून लोक सही करतात. मी ती पानं वाचली. तिथं लिहिलं होतं की अमुक गावची अमुक सर्व्हे नंबरची भातशेती सरकारने संपादित केली. तिच्या बदल्यात मूळ खातेदाराला साडेबारा टक्के योजनेखाली हा भूखंड साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाला. मग खातेदार, सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आणि बिल्डर यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, आणि त्याच्या शेवटी मी. माझ्या हॉलखाली कुणाचंतरी भाताचं खाचर होतं हे वाचल्यावर पुढची पानं वाचायला मला बराच वेळ लागला.

ते खातेदार आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. दि. बा. पाटलांबद्दल मी पुढे पुष्कळ वाचलं, पण त्यांचं नाव पहिल्यांदा मनावर उमटलं ते नानांच्या तोंडून. नाना त्यांना 'दिबा' म्हणतात. उरण-पनवेलच्या आगरी घरांत हे नाव घरातल्या वडीलधाऱ्यासारखं घेतलं जातं.

दिनकर बाळू पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६चा, उरण तालुक्यातल्या जासई गावचा. खाडीला बांध घालून राखलेली खाजण जमीन, पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात मिठागरं, असा तो मुलूख. जासईपासून चिरनेर जवळच. तिथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि आठ जण हुतात्मा झाले. दिबा तेव्हा चार वर्षांचे होते. त्याच दशकात, पुढे अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप केला आणि वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवल्या. या जिल्ह्यात जमीन आणि सरकार यांचं भांडण सिडकोच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं आहे. त्या मातीतून वकील झालेला मुलगा शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) गेला यात नवल काही नव्हतं.

१९५७ साली ते पनवेलमधून विधानसभेवर निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन ऐन भरात होतं आणि राज्य अजून द्वैभाषिक मुंबई होतं. पुढे १९६२, १९६७, १९७२ आणि १९८० असे एकूण पाच वेळा ते आमदार झाले. मंत्रिपद त्यांच्या वाट्याला आलं नाही.

त्यांच्या कारकिर्दीतला १९७२चा काळ मला सगळ्यात जास्त विचारात पाडतो. त्या वर्षी विधानसभेच्या २७० जागांपैकी काँग्रेसने २२२ जिंकल्या. शेकापला मिळाल्या ७. त्या सभागृहात विरोधी पक्षनेते झाले दि. बा. पाटील, आणि १९७७पर्यंत ते तिथे होते. समोर दोनशे बावीस माणसं असताना मतदानाने काहीही पाडता येत नाही, हे पहिल्या दिवसापासून माहीत असणार. मग उरतं काय? उरतात ती विधिमंडळाची आयुधं. तारांकित प्रश्न टाकायचा, म्हणजे मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लक्षवेधी लावायची, म्हणजे खात्याला निवेदन करावं लागतं. अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर कपात सूचना द्यायची; ती फेटाळली जाणार हे ठरलेलं असतं, पण ती देताना त्या खात्याचं वर्षभराचं वागणं सभागृहात मांडता येतं. आणि जे बोललं जातं ते प्रतिवेदक टिपतो. ते कार्यवृत्तात जातं आणि तिथेच राहतं. मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासन पाळलं गेलं की नाही हे पाहायला आश्वासन समिती असते. आकड्यांनी हरलेल्या माणसाच्या हातात एवढंच असतं, आणि ते वापरायला फार चिकाटी लागते. नियमावली तोंडपाठ लागते. रात्री अहवाल वाचावे लागतात. टाळ्या मिळत नाहीत. १९७२ हे दुष्काळाचंही वर्ष. गावंच्या गावं खडी फोडायच्या कामांवर होती आणि त्या कामांची मजुरी, धान्य, पाणी या सगळ्यांचा जाब याच सभागृहात विचारावा लागत होता.

आजच्या विधानभवनाचं उद्घाटन १९८१ साली झालं. त्याआधीची चार निवडणुकांतली त्यांची वर्षं मुंबईत कुलाब्याच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये गेली. सुरुवातीची बरीच वर्षं वाशीचा पूल नव्हता. उरणहून निघालेला माणूस लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायचा. राज्याची राजधानी समोर खाडीपलीकडे दिसायची, आणि तीच राजधानी एक दिवस खाडी ओलांडून आपल्या शेतात येईल याची कल्पना गावांना नव्हती.

ती आली १९७० साली. १७ मार्चला सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहराच्या, म्हणजे नवी मुंबईच्या, नकाशात गेली. जमीन घ्यायला कायदा होता १८९४चा, इंग्रजांनी केलेला. त्याची रीत अशी: कलम ४ची अधिसूचना, कलम ६ची घोषणा, हरकती आणि दाव्यांसाठी कलम ९ची नोटीस, मग अधिकाऱ्याचा निवाडा. निवाड्यातली रक्कम मान्य नसेल तर कलम १८खाली प्रकरण न्यायालयाकडे पाठवायचा अर्ज करता येई. पण त्यात एक मेख होती. मोबदला घेताना हरकत न नोंदवता घेतला, तर कलम १८चा हक्कच बुडायचा. म्हणजे अडाणी शेतकऱ्याने पैसे मोजून घेतले आणि कागदावर नुसता अंगठा दिला, तर त्याने किंमत कबूल केली असं कायदा धरायचा.

नानांनी एकदा पत्र्याच्या ट्रंकेतून जुन्या कागदांचं गाठोडं काढलं. पिवळ्या पडलेल्या निवाड्याच्या नकला, कलम १२(२)ची नोटीस, घडीवर विरलेला सातबारा. त्यात एक पावती होती. तिच्यावर निळ्या शाईचा फिकट अंगठा, आणि अंगठ्याच्या वर कुणीतरी घाईघाईत, वाकड्या अक्षरांत लिहिलेलं: 'अंडर प्रोटेस्ट'. देवनागरीतच. नाना म्हणाले, "आमचे बापाला वाचाला येत नव्हता. पन हे दोन शब्द लिवल्याबिगर त्यानी अंगठा नाय दिला." पक्षाचा एक कार्यकर्ता वाड्यावाड्यांतून फिरून सांगत होता म्हणे, की पैसे घ्या, घराला गरज आहे तर जरूर घ्या, पण हे दोन शब्द आधी लिहून घ्या. मी ती पावती बराच वेळ हातात धरून बसलो. चळवळ म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर मोर्चे येतात, झेंडे येतात. कायद्यातलं एक वाक्य सुटं करून ते निरक्षर माणसाच्या अंगठ्यापर्यंत पोचवणं, हे काम मला त्याहून मोठं वाटतं. वकील असलेला लोकप्रतिनिधी आणि त्याचे कार्यकर्ते यांचं हे खरं काम, आणि त्याचा कुठे पुतळा होत नाही.

नुसत्या वाढीव मोबदल्याने भागणार नव्हतं हे त्या लोकांना लवकर कळलं. पैसा येतो आणि जातो. घराची दुरुस्ती, मुलीचं लग्न, एखादी मोटारसायकल, की संपला. जमिनीवर शहर उभं राहतं आणि तिची किंमत दरवर्षी वाढत जाते, त्या वाढीत मूळ मालकाचा वाटा शून्य. म्हणून मागणी पुढे सरकली: शहर होऊ द्या, पण त्या शहरात, रस्ते-पाणी झालेल्या जमिनीत, आम्हाला हिस्सा द्या. शंभर वर्षं देशात जमिनी घेतल्या गेल्या आणि रोख रकमेवर विषय मिटवला गेला. त्या पार्श्वभूमीवर ही मागणी किती पुढची होती, ते आज सहज लक्षात येत नाही.

ती पदरात पडायच्या आधी १९८४चा जानेवारी आला. न्हावा-शेवा बंदरासाठी उरणच्या गावांची जमीन घ्यायला सरकार पोलिसांसह उतरलं आणि गावं दिबांच्या नेतृत्वाखाली आडवी आली. दि. बा. पाटील तेव्हा आमदार होते. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. १६ जानेवारीला दास्तान फाट्यावर आणि १७ जानेवारीला न्हावा-शेव्याला गोळीबार झाला. पाच जण गेले. पहिल्या दिवशी चिर्ले आणि धुतूमचा एकेक, दुसऱ्या दिवशी पागोट्याचे तिघे. एका छोट्या गावाने एका दिवसात तीन माणसं गमावली.

मला हे लिहिताना सगळ्यात जड जातं ते इथेच. सत्तावीस वर्षं ज्याने प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना या मार्गाने भांडण केलं, त्या माणसाच्या मागे आलेल्या पाच जणांना शेवटी रस्त्यावर छातीवर गोळी घ्यावी लागली. विधिमंडळ कमी पडलं म्हणायचं का? मला वाटतं, हो, कमी पडलं. सभागृहात पुन्हा पुन्हा सांगितलेलं सरकारने ऐकलं असतं, तर दास्तान फाटा हे नाव आज नुसतं बसच्या पाटीवर राहिलं असतं. आणि तरीही, रस्त्यावरच्या रक्ताला शासन निर्णयाच्या भाषेत बदलायचं काम पुन्हा त्याच कागदांच्या वाटेने करावं लागलं. दुसरी वाट नव्हती.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. इंदिराजींच्या हत्येनंतरची ती लाट. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ४३ काँग्रेसला गेल्या. रायगड जिल्ह्यातल्या कुलाबा मतदारसंघाने मात्र शेकापचा उमेदवार निवडून दिला: दि. बा. पाटील. १९७७नंतर ते दुसऱ्यांदा दिल्लीला गेले. देशभर एकच हवा असताना लोकांनी आपल्या माणसाला विसरू नये, याहून मोठी पावती लोकप्रतिनिधीला कुठली मिळणार?

साडेबारा टक्के योजनेचा शासन निर्णय निघाला ६ मार्च १९९० रोजी, आणि पुढचा, अधिक व्यापक, २८ ऑक्टोबर १९९४ रोजी. संपादन सुरू झाल्यापासून मोजलं तर दोन दशकांहून जास्त काळ गेला होता. हिशेब साधा आहे. एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातले तीस टक्के, म्हणजे दीड गुंठे, रस्ते, शाळा, मैदानं अशा सामाजिक सुविधांसाठी वजा. हातात साडेतीन गुंठे. एका एकराचे साडेतीन गुंठे म्हणजे फार नाही, असं कुणालाही वाटेल. पण त्या साडेतीन गुंठ्यांवर दीड चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकाम, मिळालं आणि पंधरा टक्के दुकानांना परवानगी मिळाली. म्हणूनच कामोठ्यात, खारघरात, कोपरखैरण्यात खाली दुकानं आणि वर घरं अशा इमारती रांगेने दिसतात. नानांच्या वाट्याला भावाभावांत वाटणी होऊन दोन फ्लॅट आणि एक गाळा आला. गाळ्याच्या भाड्यावर त्यांचं घर चालतं. गाळ्यात एका राजस्थानी माणसाचं किराणा दुकान आहे. आम्ही सगळे तिथूनच साखर-चहा आणतो.

योजनेत त्रुटी होत्या आणि त्या सांगायलाच हव्यात. तिचा पाया सातबारा हाच होता. ज्याचं पोट खाडीवर होतं, मासे पकडण्यावर, कालवं काढण्यावर, मिठागरातल्या मजुरीवर, त्याच्या नुकसानीचा हिशेब सातबाऱ्यात मावत नाही. कोळीण बाईने रोजच्या रोज खाडीतून काढलेल्या निवट्यांना सर्व्हे नंबर नसतो. शिवाय भूखंड मिळायला वर्षानुवर्षं लागली, आणि त्या काळात गरजू माणसांनी हातातले हक्क कवडीमोलाने दलालांना विकले. न्हावा-शेव्याच्या बंदराच्या बाधितांना तर साडेबारा टक्क्यांसाठी आणखी फार काळ ताटकळावं लागलं. बंदर १९८९लाच सुरू झालं होतं.

उत्तरायुष्यात दिबांनी शेकाप सोडला आणि ते शिवसेनेत गेले. त्यांच्या जुन्या पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले आणि अखेरपर्यंत लाल बावट्याखाली राहिले. नानांच्या पिढीला दिबांचं जाणं लागलं. आजही तो विषय निघाला की नाना खिडकीबाहेर बघतात आणि बोलणं बदलतात. मला विचाराल तर मलाही ते पटत नाही. आयुष्यभर ज्या झेंड्यासाठी लोकांनी मार खाल्ला, तो झेंडा सोडताना लोकांना विचारायला हवं होतं. पण पनवेलमधल्या घराला 'संग्राम' नाव देणाऱ्या त्या माणसाने प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न पक्ष बदलूनही सोडला नाही, हेही तितकंच खरं. २४ जून २०१३ रोजी ते गेले, तेव्हा गावांनी पक्ष मोजला नाही.

दरवर्षी १६ जानेवारीला जासईच्या हुतात्मा स्मारकावर कार्यक्रम असतो. नानांबरोबर मीही गेलो आहे. सकाळचं कोवळं ऊन, बाजूच्या रस्त्यावरून बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर, त्यांचा खडखडाट इतका की माइकवरचं भाषण मधूनच ऐकू येत नाही. पुढच्या रांगेत हुतात्म्यांच्या घरची माणसं बसलेली. मागे नऊवारी नेसलेल्या आगरी बाया उभ्या, डोक्यावर पदर, कुणाच्या कडेवर पणतू. व्यासपीठावर झाडून सगळ्या पक्षांचे पुढारी. एक म्हातारी माझ्या शेजारी उभी होती. पुढारी बोलत होते तोवर ती शांत होती. गावांची नावं वाचायला सुरुवात झाली, आणि पागोटे ऐकताच तिने हात जोडले, डोळे मिटले, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

२०२१च्या जूनमध्ये नवी मुंबई विमानतळाच्या नावावरून याच गावांनी मानवी साखळी केली आणि २४ तारखेला, दिबांच्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडको भवनावर हजारो लोक धडकले. कोरोनाचा काळ, तोंडावर मास्क, हातात दिबांचे फोटो. त्यात असंख्य मुलं अशी होती, की १९८४ला जन्मलीही नव्हती. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२२मध्ये, लोकनेते दि. बा. पाटील यांचं नाव विमानतळाला द्यावं असा ठराव राज्य विधिमंडळाने केला. ज्या सभागृहात त्यांनी एवढी वर्षं विरोधी बाकावरून घालवली, तिथे सगळे पक्ष त्यांच्या नावावर एकत्र आले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याच्या जमिनीसाठी विस्थापित झालेल्या गावांना साडेबाराऐवजी साडेबावीस टक्क्यांची योजना मिळाली. तो वरचा दहा टक्क्यांचा फरक १९८४च्या हुतात्म्यांच्या हिशेबात लिहावा, असं मला वाटतं.

नावाचा मान मोठाच. पण नानांच्या नातवाला सध्या झोप येत नाही ती वेगळ्या कारणाने. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे तो. जुन्या गावठाणाला लागून त्याच्या चुलत्यांनी घर बांधलंय आणि त्याला अनधिकृत म्हणून नोटीस आली आहे. गावठाणाचा विस्तार वेळेवर झालाच नाही. एका घरात तीन-तीन कुटुंबं झाली, मुलांची लग्नं झाली, मग लोकांनी आपल्याच जुन्या शेतात घरं बांधली. ती जमीन कागदावर कधीच संपादित झालेली होती. 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात ती हीच. ती कायम करण्याचे शासन निर्णय एकामागून एक निघाले. प्रत्येकात अटी बदलल्या, आणि नोटिसा यायच्या थांबल्या नाहीत.

तो मुलगा आणि मी गेले काही रविवार एक निवेदन लिहीत बसतो आहोत. आधी त्याने चार पानं लिहिली होती, रागाने भरलेली, चिर्ल्यापासून पागोट्यापर्यंतचा इतिहास असलेली. मी म्हटलं, हे भाषणासाठी ठेव. तारांकित प्रश्नाला एवढी जागा नसते. तिथे नेमकं विचारावं लागतं, म्हणजे 'माहिती घेण्यात येत आहे' म्हणून खात्याला निसटता येत नाही. नाना बाजूला बसून ऐकत होते. म्हणाले, "तारीख मागा. तारीख दिल्याबिगर सोडू नका." आता ते अर्ध्या पानात बसलं आहे. आमच्या गावठाणाची हद्द शेवटची केव्हा मोजली, तिच्या लगतच्या किती घरांचं सर्वेक्षण पूर्ण झालं, उरलेलं कोणत्या तारखेपर्यंत होणार, आणि तोवर नोटिसांना स्थगिती देण्याचे लेखी आदेश आहेत का, असतील तर त्यांचा क्रमांक काय. अधिवेशन डिसेंबरात नागपूरला आहे. प्रश्नांच्या सूचना त्याआधी कितीतरी दिवस विधानमंडळ सचिवालयात पोचाव्या लागतात. म्हणून सोमवारी सकाळी दोन प्रती घेऊन आम्ही आमदारांच्या कार्यालयात जाणार आहोत. एक प्रत द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची, तारखेच्या शिक्क्यासह.